दगडाची रॉयल्टी भरली, पाण्याचं काय?

खाणवाला गावात येतो तेव्हा तो फक्त दगडाचं बोलतो. किती ब्रास निघेल, ब्रासमागे सरकारला किती जातं, जागेचं भाडं किती देणार, पोरांना काम किती मिळणार. आपणही त्याच्याशी दगडाचंच बोलत बसतो. भाडं वाढवून दे म्हणतो, सुरुंग शाळा सुटल्यावर लाव म्हणतो, धुळीवर पाणी मार म्हणतो. पाणी मार म्हणतो आणि घरी येतो. ते पाणी तो कुठून आणणार, हे विचारायचं राहून जातं.

आमचं म्हणणं असं आहे की खडीच्या खाणीत पहिला प्रश्न पाण्याचा आहे, दगडाचा त्याच्या मागून. दगड गेला तर डोंगर बुटका होईल. पाणी गेलं तर पाडा उठेल. आणि पाणी जातं ते कुठल्याच कागदावर दिसत नाही. दगडाच्या गाडीला पास लागतो. ब्रास मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे आता आपल्या पोरांनाही पाठ झालंय. बिनपासाची गाडी सापडली तर दंड होतो. पण क्रशरच्या टाकीत दिवसाला किती पाणी पडलं, त्याची पावती कुणी पाहिली आहे काय? आम्ही तरी पाहिली नाही.

हे पाणी लागतं कशाला? क्रशर पाहिला नाही असा रस्त्याकडेचा पाडा आता राहिलेला नाही. मोठा दगड जबड्यात पडतो, फुटतो, पट्ट्यावरून चाळणीवर जातो, चाळणीतून ढिगावर पडतो. प्रत्येक ठिकाणी धूळ उठते. ती दाबायला फवारे ठेवायचे असा नियमच आहे. क्रशरपासून ४० मीटरवर एका घनमीटर हवेत ६०० मायक्रोग्रॅमच्या आत धूळ पाहिजे, असं पर्यावरणाच्या नियमात लिहिलंय. म्हणजे नियम पाळणारा क्रशर आपलं पाणी पिणार आणि न पाळणारा आपल्याला धूळ चारणार. शिवाय डंपरचा रस्ता भिजवायला पाणी, भोकं मारणाऱ्या मशीनला पाणी, कामगारांच्या झोपड्यांना पाणी. बाजूला काँक्रीटचा कारखाना टाकला असेल तर त्याचं पाणी वेगळंच.

त्यात आता क्रश सँड आली. नदीची रेती काढण्यावर बंधनं आली तशी शहरातल्या बिल्डरला दगड दळून केलेली रेती लागू लागली. दगड दळला की त्यात पिठासारखी बारीक भुकटी राहते, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती रेती धुतात. धुतलेलं पाणी राखाडी लापशीसारखं होऊन खाली उतरतं. कुठे उतरतं ते ज्यांची खाचरं खालच्या अंगाला आहेत त्यांना विचारा.

आता साधा हिशोब करून बघू. टँकर १०,००० लिटरचा धरा. खाण दिवसाला पाच टँकर घेते असं धरा, कुठे कमी घेत असेल, कुठे जास्त. झाले ५०,००० लिटर. सरकारच्या पाणी योजनेत खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर धरतात. म्हणजे ९०० माणसांचं पाणी झालं. घरटी सहा माणसं धरली तर दीडशे घरं. दीडशे घरांचा एक न दिसणारा पाडा आपल्या शेजारी येऊन बसतो, बरं का! त्याचं नाव मतदार यादीत नाही, पण तो रोज पाणी भरतो. आणि नेमका उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पितो, कारण पावसात धूळ बसलेली असते आणि कामही मंदावतं. आपल्या बाया डवऱ्यावर वाटीनं पाणी भरत असतात त्या चैत्र-वैशाखातच त्याचे फवारे जोरात चालू असतात.

पण टँकरचं पाणी हा निम्मा भाग झाला. आमच्या मते तो लहान निम्मा.

मोठा भाग डोंगराचा आहे. आपल्याकडे पाऊस काही कमी पडत नाही. नारनदेव चार महिने भरभरून देतो. ते साठवून आठ महिने पुरवायचं काम मात्र डोंगराचं. सह्याद्रीचा आपला काळा दगड आतून घट्ट असतो, तो स्वतः पाणी फारसं पीत नाही. पाणी राहतं ते त्याच्या वरच्या थरात. माती, खाली मुरूम, त्याच्या खाली सैल झालेला, भेगाळलेला दगड. पावसाचं पाणी या थरात मुरतं, भेगाभेगांतून हळूहळू उतरतं, आणि खालचा घट्ट दगड लागला की आडवं सरकतं. ते जिथं बाहेर येतं तिथं झरा असतो. झऱ्याच्या खाली ओहोळ, ओहोळाच्या काठाला डवरे, आणि त्याच्या अंगाला आपली विहीर. जुन्या माणसांनी पाडे बसवले ते हे बघूनच. वरच्या अंगाला वरकस, नागली-वरईला. मधे झाड. खाली पाणी आणि भात.

खाणवाल्याला यातलं काय नकोय? नेमकं वरचं. माती, मुरूम, सैल दगड, झाडाची मुळं, हे सगळं त्याच्या भाषेत ‘कचरा’. पहिल्या महिन्यात पोकलेन लावून तो हा कचरा काढतो आणि उतारावर लोटून देतो. त्याला खालचा घट्ट काळा दगड पाहिजे, कारण खडी त्याचीच चांगली होते. म्हणजे खाण सुरू होते तीच डोंगराचं पाणी धरणारं अंग सोलून. अजून एक ब्रास खडी गाडीत चढलेली नसते, आणि झऱ्याचं मूळ उघडं पडलेलं असतं.

पुढे खड्डा खोल जातो. झऱ्याच्या पातळीच्या खाली गेला की आजूबाजूच्या डोंगरातलं पाणी झऱ्याकडे जायचं सोडून खड्ड्यात उतरायला लागतं. पाणी नेहमी खोल जागा शोधतं, त्याला करारनामा वाचता येत नाही. खड्ड्यात पाणी साठलं की खाणवाल्याचं काम अडतं, म्हणून तो पंप लावतो. रात्रभर पंप चालतो. सकाळी पुन्हा खड्डा कोरडा, पुन्हा पाणी उतरतं, पुन्हा पंप. त्यातलं काही तो फवाऱ्याला वापरतो, बाकीचं नाल्यात सोडून देतो. त्याच्यासाठी ती अडचण आहे. आपल्यासाठी ती विहीर होती.

हे सांगायला गेलं की साहेब म्हणतात, यंदा पाऊसच कमी झाला. मागच्या वर्षी पाऊस चांगला होता तेव्हा म्हणाले, विहिरीत गाळ साठलाय, गाळ काढा. आपल्याकडे दाखवायला आकडा नसतो, फक्त रिकामा हंडा असतो. हंड्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही.

एक गोष्ट ऐकून ऐकून आमचे कान किटले आहेत. खाणवाला सांगतो, ग्रामपंचायतीतले काही लोक सांगतात, आणि आता तर आपल्यातले शिकलेले पण सांगतात, की दगड संपला की त्या खड्ड्याचं तळं होईल, मासे सोडू, शेतीला पाणी घेऊ. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी जुन्या बंद खाणींवर जाऊन यावं. उभे कापलेले कडे, उतरायला वाट नाही, पाणी हिरवं. ढोर पडलं तर वर येत नाही, पोर पोहायला गेलं तर आईच्या जिवाला घोर. तळ घट्ट दगडाचा, म्हणून पाणी खाली मुरत नाही, आणि पसारा उघडा, म्हणून उन्हानं उडून जातं. डोंगराच्या पोटात सावलीत ठेवलेलं पाणी बाहेर काढून उन्हात मांडलं, एवढंच झालं. आणि वरचा थर गेला तर तो पावसाळ्यात पुन्हा भरणार कशानं? माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात!

आता हक्काचं बोलू. पाणी कुणाचं? खाणवाला म्हणतो, जागा माझ्या करारात आहे, बोअर मी मारली, पाणी माझं. तलाठी म्हणतो, पाणी सरकारचं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचं कलम २० आहे, त्यात नद्या, ओढे, नाले, वाहतं आणि साठलेलं पाणी सरकारच्या मालकीचं म्हटलंय. पण त्याच कलमात ज्यांचे हक्क शाबीत होतात त्यांचे हक्क सोडून, असंही आहे. आणि सरकार मालक म्हणजे सावकारासारखं मालक नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली हिमाचलातल्या बियास नदीच्या खटल्यात सांगून ठेवलंय की नदी, जंगल अशा गोष्टी सरकारकडे लोकांच्या वतीनं सांभाळायला दिलेल्या आहेत. सरकारला त्या कुणा एकाच्या धंद्यासाठी उचलून देता येत नाहीत. त्याच्या आधी १९९१ मध्ये बिहारच्या एका खटल्यात कोर्ट म्हणालं की स्वच्छ पाणी मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. राज्याच्या जलनीतीतसुद्धा पिण्याचं पाणी पहिलं. २००३ च्या नीतीत सरकारनं कारखान्याला शेतीच्या पुढे नेऊन बसवलं होतं, ओरड झाली म्हणून २०११ साली शेती परत दुसऱ्या नंबरवर आणली. क्रशरचं पाणी या रांगेत कुठे बसतं ते तुम्हीच बघा. रांगेत शेवटी उभा राहायचा तो आपल्याकडे सगळ्यांच्या आधी भरून निघून जातो.

बोअरच्या बाबतीत आणखी एक. १९९३ साली महाराष्ट्रानं पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर त्याच पाणलोटात तिच्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय दुसरी विहीर खोदायची नाही, असं त्यात होतं. पुढे २००९ चा नवा भूजल कायदा आला, त्यातही पिण्याच्या पाण्याचं रक्षण आहेच. पण हे सगळं विहिरीला आणि बोअरला लावतात. खाणीच्या खड्ड्याला कुणी विहीर म्हणत नाही. आम्ही विचारतो, का म्हणत नाही? गावातल्या कुठल्याही विहिरीपेक्षा तो रुंद आहे, कित्येकींपेक्षा खोल आहे, त्यावर पंप आहे, त्यातून रोज उपसा होतो. ही गावातली सगळ्यात मोठी विहीर आहे आणि तिची नोंद सातबाऱ्यावर नाही. आमची मागणी सरळ आहे. खड्ड्यात पाणी लागलं त्या दिवसापासून त्याला विहीर धरा, पाड्याच्या विहिरीपासून अंतर मोजा, भूजलवाल्यांना बोलवा, आणि उपसा बंद ठेवा. काम अडलं तर अडलं. आपलं रोजच अडतंय.

इथं आपल्यातल्याही काही लोकांचं बोलायला पाहिजे, त्यांना राग आला तरी चालेल. काही ठिकाणी खाणवाल्याला पाणी आपलाच माणूस विकतो. घराजवळ बोअर आहे, वीज आहे, टँकरमागे रोख पैसे मिळतात, कोण नाही म्हणणार? त्याची गरज आम्हाला कळते. पण भाऊ, तुझ्या बोअरमध्ये जे पाणी येतं ते तुझ्या वावराखाली जन्मलेलं नाही. ते वरच्या डोंगरातून, दुसऱ्याच्या वरकसाखालून, देवाच्या रानाखालून चालत आलेलं आहे. तू विकतोस तेव्हा खालच्या पाड्याची विहीर विकतोस, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. एका पाड्यावर यावरून दोन भावांच्या घरचं जाणं-येणं बंद झालंय. खाणवाल्याचं काय बिघडलं? तो दुसऱ्याच्या बोअरवर गेला.

जागेचं पण असंच. स्टँपपेपरवर करार करून, दहा वर्षांसाठी, वीस वर्षांसाठी वरकस जमीन खाणीला दिलेली आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण टाकायला, भाड्यानं द्यायला कलेक्टरची परवानगी लागते, कलम ३६अ. हे १९७४ पासून कायद्यात आहे. परवानगीशिवायचा स्टँप म्हणजे शिक्का मारलेला कोरा कागद. अशा जमिनी परत मिळवता येतात. ज्यांनी असे करार केलेत त्यांनी लाजू नये, कागद घेऊन संघटनेकडे यावं.

कामाचंही बोललं पाहिजे. आपली पोरं क्रशरवर आहेत. काही जण वीटभट्टीवर जायचे, आता घरून डबा घेऊन जातात, रात्री घरी येतात, त्यांच्या पोरांची शाळा सुटत नाही. ही लहान गोष्ट नाही आणि आम्ही ती लहान मानत नाही. सभेत एका पोरानं विचारलंच, खाण बंद करून मला पुन्हा भट्टीवर पाठवणार का? त्याच्या प्रश्नाला टाळ्यांनी उत्तर देता येत नाही. आम्ही त्याला एवढंच म्हटलं, तुझी घरवाली आता पाण्याला किती लांब जाते ते सांग. तो म्हणाला, दोन डोंगर. त्याची मजुरी आम्ही मोजली, तिची कुणी मोजत नाही. पूर्वी ती पहाटे जाऊन तांबडं फुटायच्या आत यायची, मग दुसऱ्याच्या शेतावर किंवा रोजगार हमीवर जायची. आता ती जात नाही, तिचा दिवस हंड्यातच जातो. म्हणजे त्या घरात एक मजुरी आली आणि एक गेली. शिवाय मशीन मोठं होत जाईल तशी माणसं कमी लागणार, हे तोच आम्हाला सांगत होता.

आणि खडी आपल्यालाही लागते. पाड्याला रस्ता पाहिजे, शाळेला पाया पाहिजे. दगडाला हात लावू नका असं आम्ही म्हणत नाही. गावच्या रस्त्यापुरता दगड गावानं दाखवलेल्या जागेवरून काढावा. झऱ्याच्या डोक्यावरून काढू नये, पाणी लागेल इतकं खोल जाऊ नये, आणि वरची माती बाजूला राखून परत पसरावी. आपल्या बापजाद्यांनी घराच्या जोत्याला दगड असाच काढला. मुंबई-गुजरातच्या रस्त्यांना, इमारतींना लागणारी खडी एका पाड्याच्या डोक्यावरून काढायची हा हिशोब निराळा आहे. पाणी बाहेर जायची आपल्याला सवय आहे म्हणा. तानसा, वैतरणा, भातसा सगळी धरणं आपल्याच भागात, तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. तेव्हा निदान धरण दिसत तरी होतं.

आता ग्रामसभेकडे येऊ. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस घेणं बंधनकारक केलंय. खडी, मुरूम, रेती हे गौण खनिज. त्या ‘किंवा’मध्ये चोरवाट आहे. दहा पाड्यांची एक ग्रुप ग्रामपंचायत, तिचं ऑफिस डांबरी रस्त्याला, मासिक सभेत सात-आठ सह्या, आणि झाला ‘ना हरकत दाखला’. पाड्याला कळतं ते पोकलेन आल्यावर. म्हणून पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घ्यायचं काम मागे ठेवू नका. राज्याचे पेसा नियम २०१४ साली आले, त्यात ती वाट आहे. त्याच पेसा कायद्यात लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापनही खाली सोपवलेलं आहे, हे कुणी आपल्याला वाचून दाखवत नाही. झरा, डवरा, पाझर तलाव, ओहोळावरचा बांध, हे सगळं त्यात येतं असं आमचं म्हणणं आहे.

जिथं खाण वनजमिनीला लागून आहे तिथं वनहक्क कायदा हाताशी आहे. २००६ च्या या कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सांभाळायचा अधिकार दिलाय. सामूहिक दाव्याच्या नकाशात आपण सीताफळ, मोह, तेंदू, चराई सगळं दाखवतो आणि झरे दाखवायला विसरतो. प्रत्येक झरा नकाशावर टाका, त्याचं चालू नाव टाका, तो कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो ते लिहा. ज्यांचे दावे आधीच गेलेत त्यांनी पुरवणी नकाशा जोडावा.

खाणीचा ठराव सभेपुढे आला तर काय करायचं, याबद्दल संघटनेच्या बैठकीत दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, अटी घालून हो म्हणावं, निदान अटींवर पकडता येईल. आमचं मत वेगळं आहे. पाण्याचा एका पूर्ण वर्षाचा हिशोब समोर आल्याशिवाय सभेनं हो-नाही काही बोलूच नये. किती पाणी लागणार, कुठून आणणार, खड्डा किती खोल जाणार, विहिरीची आणि झऱ्याची पातळी आज काय आहे. हे लिहून द्या, मग बोलू. अटी घालून हो म्हटलं की हो तेवढं फाइलीत राहतं, अटी गळून पडतात. आम्ही हे खूपदा पाहिलंय.

केरळातलं प्लाचिमडा नाव ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पालघाट जिल्ह्यातला आदिवासी पाडा, शेजारी कोका कोलाचा कारखाना. विहिरी आटल्या, उरलेलं पाणी तोंडात धरवेना. २००२ मध्ये बायांनी कारखान्यासमोर बैठक मारली, मायिलम्मा नावाची एरवलर आदिवासी बाई त्यात पुढे होती. २००३ मध्ये पेरुमट्टी पंचायतीनं परवाना पुढे चालू ठेवायला नकार दिला, कारण एकच, पाणी. हायकोर्टात त्याच वर्षी एक न्यायाधीश म्हणाले भूजल सगळ्यांचं आहे. २००५ मध्ये दोन न्यायाधीश म्हणाले कंपनीला दिवसाला ५ लाख लिटर उपसू द्या. कोर्ट असं इकडून तिकडे गेलं. पण २००४ च्या मार्चमध्ये बंद पडलेला तो कारखाना काही परत सुरू झाला नाही. पंचायत हलली नाही आणि बाया उठल्या नाहीत म्हणून. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून १२ ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारा नाही म्हणाल्या. ते डोंगर मोठे, कंपन्या मोठ्या, म्हणून बातमी झाली. आपल्याकडचा खाणवाला तालुक्याचा, कधी कधी ओळखीचा, लग्नाला आहेर देणारा. त्याला नाही म्हणणं जास्त अवघड आहे, हे आम्हालाही माहीत आहे.

आणि तो टँकर पाठवतो. वैशाखात विहीर आटली की क्रशरचा टँकर पाड्यावर येतो, वर खाणवाल्याच्या नावाचा फलक, पुढे सरपंच, फोटो. ज्या विहिरीचं पाणी त्यानं खड्ड्यातून उपसलं तेच तो आपल्याला उपकार म्हणून वाढतो. तहान लागलीय तर पाणी घ्या, घेऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, बाळंतिणीच्या घरात पाणी नको सांगायला आम्ही कोण? पण ते घेताना सही देऊ नका, हार घालू नका, आणि तारीख, टँकर आणि विहिरीची स्थिती वहीत लिहून ठेवा. उद्या तहसीलदारांपुढे तो टँकर त्याचा उपकार राहणार नाही, आपला पुरावा होईल.

वहीचं एवढं बोलतोय कारण पुढच्या कामाला तीच लागणार आहे. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. आपणही त्याच महिन्यांत मोजायचं, म्हणजे ताडून बघता येईल. लांब दोरीला खाली दगड बांधा, हाताहातावर गाठ मारा, एकच दोरी दरवेळी वापरा. काठावरच्या एकाच खुणेपासून दोरी सोडा, पाणी लागेपर्यंत किती गाठी गेल्या ते लिहा. सकाळी पाणी भरायच्या आधी मोजा. मोजताना दोन बाया आणि एक शाळेतलं पोर असावं, तिघांची सही किंवा अंगठा घ्यावा. झऱ्याला हंडा लावा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या घड्याळावर बघून लिहा. खाणीचा पंप चालू होता की बंद, तेही त्याच ओळीत लिहा.

खाण चालू आहे त्या गावांनी प्रदूषण नियंत्रण मंडळानं क्रशरला दिलेलं संमतीपत्र माहिती अधिकारात मागावं. पाण्याचा आकडा त्यात पाहायचा आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जाचा नमुना संघटनेच्या ऑफिसात ठेवलाय. या पत्रकाबरोबर जोडणार होतो, पण कागद संपला. ज्या पाड्यांनी मागच्या मे महिन्यात मोजमाप केलंय त्यांनी वह्या घेऊन यावं, सगळ्यांचे आकडे एका मोठ्या कागदावर मांडायचे आहेत. ज्यांनी केलं नाही त्यांनी दोरी घेऊन यावं. गाठी कशा मारायच्या ते इथं दाखवू.